तीन भोकांवरून गोळी चांगली ठरत नसते

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या हौशी नेमबाजांवर लेख आला होता, जे लोक घरच्या टेबलावर बसून स्वतःच्या रायफलसाठी स्वतः काडतुसं भरतात त्यांच्यावर, तो मी शेवटपर्यंत नीट वाचला. मराठी पेपरात हा विषय सहसा येत नाही, आला याचा आनंदच झाला. पण लेखासोबत जो फोटो छापला, टार्गेटच्या कागदावर एकमेकांना चिकटलेली तीन भोकं आणि खाली ओळ की अशी अचूकता फक्त हाताने भरलेल्या काडतुसातूनच मिळते, तो फोटो आता इथल्या शूटिंगवाल्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर फिरून राहिला आहे आणि त्यावर जी चर्चा चालू आहे ती वाचून हे पत्र लिहायला बसलो. नोकरीची सगळी वर्षं मी दारूगोळ्याच्या तपासणीत काढली, रायफलचं काडतूस हेच माझं काम, आता रिटायर होऊन वाडीला राहतो आणि भाची पॉइंट २२ (०.२२ इंची लहान काडतुसाची रायफल) मारते म्हणून रेंजवर येणंजाणं आहे. म्हणजे कारखान्याची बाजूही पाहिली आणि आता आईबाप खिशातून पैसे घालून डब्बे विकत घेतात ती बाजूही पाहून राहिलो.

पहिले हे सांगतो की लेखातली मूळ गोष्ट खरी आहे. काडतूस म्हणजे चारच वस्तू, पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, आत पावडर आणि तोंडाशी बुलेट. कारखान्यातलं काडतूस त्या मापाच्या प्रत्येक रायफलमध्ये बसलं पाहिजे, प्रत्येकीत सुरक्षित चाललं पाहिजे, म्हणून ते सगळ्यांना चालेल अशा मापाने बनवावं लागतं. हाताने भरणारा मात्र एकाच रायफलसाठी भरतो, तिच्याच चेंबरमध्ये (नळीच्या मागे काडतूस बसतं ती जागा) एकदा फुगून तिचाच आकार घेतलेली पुंगळी पुन्हा वापरतो, पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, त्याचा दहावा भाग किती बारीक ते बघा), बुलेट किती आत बसवायची हे त्या एका नळीला बघून ठरवतो. याचा फायदा होतो, नक्की होतो. बेंचरेस्ट नावाचा प्रकार आहे, रायफल टेबलावर टेकवून फक्त ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका, किती बारीक येतो एवढंच पाहायचं, तिथे जवळपास सगळे स्वतःच भरतात. ३०० मीटरच्या रायफलवालेही बरेच जण भरतात, हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये १९७२ पर्यंत होता, आता नाही, जागतिक स्पर्धेत अजून आहे.

तेव्हा त्या लोकांची मेहनत खोटी आहे असं मी बिलकुल म्हणत नाही. माझं म्हणणं एकच आहे, की काडतूस भरणं हे अर्धंसुद्धा काम नाही, खरं काम आहे ते तपासणं, आणि लेखात तपासणीबद्दल जे काही आहे ते चुकीच्या समजुतीचं आहे.

त्याआधी कायद्याचं पटकन सांगून टाकतो कारण लेखात ते अजिबात नव्हतं आणि पोट्टे व्हिडिओ बघून "आपणपण करू" म्हणून राहिले. आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत फक्त तयार काडतूस येत नाही, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची मशिनरीसुद्धा येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर याची शिक्षा किमान ७ वर्षं आणि वरती जन्मठेपेपर्यंत आहे. पावडर वेगळीच, ती स्फोटक, १८८४ च्या एक्सप्लोझिव्ह्ज अॅक्टखाली येते आणि तो कायदा राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. शूटिंगचं लायसन्स आहे म्हणून चालून जाईल असं कोणी समजू नये, ते रायफल बाळगायचं आणि चालवायचं लायसन्स असतं, काडतूस बनवायचं नसतं. अमेरिकेत दुकानात डब्यात पावडर मिळते म्हणून तिथले लोक उघड व्हिडिओ टाकतात, इथे तेच करताना सापडलात तर "जिवंत काडतुसं जप्त" अशी बातमी तुमच्याच पेपरात पान तीनवर येईल आणि त्या पोराचं शूटिंग तिथेच संपेल. पालकांनी हे घरात स्पष्ट सांगावं.

आता त्या तीन भोकांकडे येतो.

एक रायफल, एक नेमबाज, एकच काडतूस, काहीही बदललेलं नाही असं समजा. तीन-तीन गोळ्यांचे खूप ग्रुप मारले आणि सगळ्यात लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून सरासरी काढली, समजा ती १० मिलिमीटर आली. आता त्याच रायफलने तेच काडतूस पाच-पाचच्या ग्रुपने मारा, सरासरी १३ च्या आसपास येईल. दहा-दहाने मारा, १६ च्या आसपास. वीस-वीसने मारली तर १८-१९. रायफल बिघडली नाही, काडतूस बिघडलं नाही, हात थकला नाही. फक्त गोळ्या वाढल्या तशी त्या काडतुसाची खरी पसरण दिसायला लागली. हे संख्याशास्त्राचं साधं गणित आहे, अकरावी-बारावीचा मुलगा कॉम्प्युटरवर आकडे टाकून स्वतः करून बघू शकतो. म्हणजे तीन गोळ्यांचा ग्रुप आणि दहा गोळ्यांचा ग्रुप यांची तुलनाच होत नाही, आणि तरीही लोक बिनधास्त म्हणतात की माझी रायफल इतक्या मिलिमीटरची आहे, पण किती गोळ्यांवर ते सांगतच नाहीत.

आणि सरासरी तरी कोण सांगतो? फोटो काढला जातो तो सगळ्यात बारीक ग्रुपचा. तीन गोळ्यांचे ग्रुप इतके उड्या मारतात की दहा वेळा मारले तर एखादा सरासरीच्या निम्म्याएवढा सहज येऊ शकतो, एखादा दीडपट येतो, आणि ज्याने दहापैकी तो निम्मा असलेला कागद जपून ठेवला आणि बाकीचे नऊ कचऱ्यात टाकले त्याने काडतुसाबद्दल काहीच सिद्ध केलं नाही. जामठ्याला एखाद्या पोराचे तीन बॉल बघून त्याला विदर्भाच्या रणजी टीममध्ये घेतलं तर तुमच्याच क्रीडा पानावर किती ओरड होईल, इथे मात्र तीन भोकांवर सगळे माना डोलवतात.

याच्या पुढची गोष्ट लेखात मोठ्या कौतुकाने दिली आहे ती लॅडर टेस्टची. पावडर थोडी थोडी वाढवत जायची, प्रत्येक वजनाचं एक-एक काडतूस मारायचं, वेग मोजायचा, आणि आलेखावर जिथे वेग वाढायचा थांबल्यासारखा दिसतो ती "गोड जागा" समजून तेच वजन कायमचं धरायचं. ऐकायला फार शास्त्रीय वाटतं. पण एका वजनाच्या एकाच गोळीवर तुम्ही हे ठरवून राहिले, आणि एकाच वजनाच्या दोन गोळ्यांच्या वेगातसुद्धा चार-पाच मीटरचा फरक सहज असतो. ज्यांना तिकडे परवानगी आहे त्यांनी एक गोष्ट करून बघावी, सगळ्या काडतुसांत अगदी एकच वजन ठेवावं, वरती खोटे चढते नंबर टाकावेत आणि आलेख काढावा. त्यावरही सपाट जागा दिसतील, चढ दिसतील, उतार दिसतील. माणसाचा डोळा आकृती शोधतोच, नसली तरी शोधतो. दुसऱ्या दिवशी तीच टेस्ट पुन्हा केली आणि सपाट जागा तिथेच आली तर मी मानेन, पण पुन्हा करतो कोण? तेवढी पावडर, तेवढी बुलेट, तेवढा वेळ कोणाला घालवायचा नसतो.

वेगाचंही तसंच आहे. आज क्रोनोग्राफ नावाचं यंत्र बऱ्यापैकी स्वस्त झालं, नळीसमोर ठेवलं की गोळीचा वेग दाखवतं. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रजाने लाकडाचा जड लंबक टांगून त्यावर गोळी मारून वेग काढला होता, तेव्हापासून हा प्रवास आहे, आणि आज ते काम बटण दाबून होतं ही फार चांगली गोष्ट आहे. पण पाच गोळ्या मारल्या आणि यंत्राने स्टँडर्ड डेव्हिएशन (वेग सरासरीपासून किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) ३ मीटर दाखवलं म्हणून नाचू नये. पाच गोळ्यांवर आलेल्या ३ चा अर्थ एवढाच की खरा आकडा २ च्या आसपासही असू शकतो आणि ८ च्या वरही. दोन माणसं दोन वेगळी काडतुसं पाच-पाच मारतात, एकाला ३ येतं, दुसऱ्याला ५ येतं, आणि भांडतात की माझं भारी. त्या आकड्यांत फरक सांगण्याइतका दमच नसतो.

आम्ही काय करायचो ते सांगतो, गुप्त असं त्यात काही नाही, जगभरात साधारण अशीच पद्धत आहे. काडतूस लॉटने बनतं, एका लॉटमध्ये एकाच खेपेची पावडर, एकाच खेपेच्या टोप्या. त्या लॉटमधून नमुने कुठूनही काढायचे, वरच्या पेटीतले नको, सोयीचे नको, नंबर काढून. मग ते कपाटात ठेवायचे, काही गरम कपाटात, काही थंड, काही साध्या तापमानाला, तासन्तास, म्हणजे आतली पावडरसुद्धा तेवढीच गरम किंवा थंड होईल, नुसतं पितळ नाही. मग एक-एक काढून लगेच मारायचं, चेंबरमध्ये घालून गप्पा मारत बसायचं नाही कारण नळी गरम असेल तर काडतूस तिथेच तापायला लागतं. नळी माणसाच्या खांद्यावर नसायची, जाड टेस्ट बॅरल, पक्क्या स्टँडवर आवळलेली. दाब मोजायला नळीत सेन्सर बसवलेला, त्याच्याही आधी तांब्याचा छोटा तुकडा ठेवून तो किती चेपला त्यावरून दाब काढायचे. आणि सगळे आकडे रजिस्टरमध्ये. एखादी गोळी लांब गेली तर "हात हलला असेल" म्हणून सोडून द्यायची सोय नाही, कारण हात नव्हताच. ज्याला वाटलं ही गोळी मोजायची नाही त्याने कारण लिहून सही करायची, आणि सही करायची म्हटलं की माणूस विचार करतो.

दाबाचं मुद्दाम लिहितो कारण त्याचा जीवाशी संबंध आहे. पॉइंट ३०८ सारख्या मोठ्या रायफलच्या काडतुसात युरोपच्या मानकाप्रमाणे कमाल दाब ४,१५० बार आहे, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाच्या चार हजार पटीच्या वर, आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासून वीतभर अंतरावर होतं. घरी भरणाऱ्याकडे दाब मोजायचं साधन सहसा नसतं. तो मारलेली पुंगळी उचलून तिचं बूड बघतो. टोपीची कड गोल आहे का चपटी झाली, फायरिंग पिनच्या खड्ड्याभोवती पितळ उचलून कडं झालं का, बुडावर चकचकीत डाग उमटला का, बोल्ट उघडताना अडकला का. ही सगळी चिन्हं खरी आहेत पण उशिराने दिसणारी आहेत, काही टोप्या मऊ असतात त्या आधीच चपट्या होतात, काही कडक असतात त्या दाब मर्यादेबाहेर गेला तरी छान गोल दिसतात. "पुंगळीवर काही दिसलं नाही म्हणजे सुरक्षित" हे वाक्य तुमच्या लेखात आहे आणि ते चुकीचं आहे. ते वाक्य तरी कृपया दुरुस्त करून छापा.

आता नागपूरकरांसाठी यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ऊन. पावडर गरम असली की जोरात जळते, दाब वाढतो, वेग वाढतो. काही पावडरींना मुद्दाम लेप देऊन हे कमी केलेलं असतं, काहींत बरंच जास्त असतं, २० अंशाच्या फरकाने वेग १० मीटर प्रति सेकंदाने किंवा त्याहूनही जास्त बदलू शकतो. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी १०-१२ अंश असतं आणि मे महिन्यात ४५ च्या वर. लेखातले लोक थंड प्रदेशात बसून ज्या आकड्यावर खूश आहेत तोच आकडा इथे मे महिन्यात वेगळा दाब देईल. हेच कारण आहे की आम्ही गरम कपाटाची तपासणी कधीच टाळत नव्हतो, थंडीची एखादवेळी पुढे ढकलली जाईल पण गरम नाही.

आणि हे फक्त घरी भरणाऱ्यांसाठी नाही, ज्या पोरापोरींकडे बाजारातलं मॅचचं म्हणजे स्पर्धेसाठीचं पॉइंट २२ काडतूस आहे त्यांच्यासाठीही आहे. त्या काडतुसाची गोळी शिशाची असते आणि तिच्यावर मेणचट वंगण असतं, बोटाला लागतं ते. दुपारी बाराला डब्बा स्कूटीच्या डिक्कीत किंवा बंद कारमध्ये ठेवला की आतलं तापमान ६० च्या वर जातं, वंगण पघळतं, डब्बा ज्या बाजूला कलला असेल त्या बाजूला ओघळतं, आणि मग एका गोळीवर जास्त, एकीवर कमी. मी भाचीच्या डब्यात हे पाहिलं आहे, प्लास्टिकच्या खाचांत पिवळट थर साचलेला आणि वरच्या गोळ्या कोरड्या. अशा डब्यातून ग्रुप फुटला तर कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही. साधी थर्मासची पेटी घ्या, बर्फ टाकू नका, फक्त सावली आणि सारखं तापमान राहू द्या, लागेल तेवढाच डब्बा बाहेर काढा. लेनवरही डब्बा उन्हाच्या पट्ट्यात ठेवायचा नाही, मी कितीतरी पोरांना तसं करताना बघतो.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे, मॅचचं पॉइंट २२ साधारण ३२५ मीटर प्रति सेकंदाने जातं, मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवलेलं असतं कारण त्या वेगाच्या आसपास हवेत गोळी डळमळते. शून्य अंशाला आवाजाचा वेग ३३१, म्हणजे अगदी जवळ, आणि ४५ अंशाला ३५८, म्हणजे भरपूर लांब. थंडीतल्या युरोपातल्या रेंजवाल्यांना ही जी काळजी असते ती आपल्याला नाही.

आता पुढचं, आणि हेच मला मुख्यत्वे सांगायचं आहे. पॉइंट २२ हाताने भरता येत नाही. त्यात वेगळी टोपी नसतेच, टोपीतला मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत आत पसरलेला असतो, पिन त्या कडेवर आपटते आणि कड कायमची चेपते. म्हणजे आपल्या ज्या मुलांना ५० मीटरची रायफल मारायची आहे, ज्या प्रकारात कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकला प्रोनमध्ये (पालथं झोपून मारायच्या प्रकारात) वर्ल्ड चॅम्पियनशिप मारली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ आणलं, त्या मुलांना हँडलोडिंगचा काडीचाही उपयोग नाही. त्यांच्या हातात एकच गोष्ट आहे, लॉट निवडणं. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं, एकाच किमतीचं काडतूस असलं तरी लॉटा-लॉटात फरक असतो, आणि एका नळीला जो लॉट आवडतो तो दुसऱ्या नळीला आवडेलच असं नसतं. डब्याच्या कडेला लॉट नंबर छापलेला असतो, काही कंपन्या वेगही छापतात, बहुतेक पालकांनी तो कधी वाचलेलाच नसतो.

फरक किती पडतो तेही बघा. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं, आतलं इनर टेन ५ मिलिमीटरचं. वेगात १० मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी ७-८ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. पोरीने श्वास धरला, ट्रिगर बरोबर सोडला, सगळं बरोबर केलं आणि गोळी नवात गेली, मग ती रात्रभर स्वतःला दोष देत बसते आणि कोच तिची पोझिशन बदलायला लागतो. पोझिशन मुळात बरोबर होती. काडतूस चांगलं असलं म्हणजे मेडल मिळतं असं मी अजिबात म्हणत नाही, पण काडतुसावरचा संशय गेला की बाकीचं काम मुलाला शांत डोक्याने करता येतं.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस बनवणाऱ्या कंपन्यांकडे टेस्ट रेंज आहेत, तिथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ते रायफल क्लॅम्पमध्ये आवळतात, एकामागून एक लॉट मारतात, ग्रुप स्क्रीनवर दिसतो, आवडलेला लॉट तिथेच बाजूला काढून ठेवतात. आपले वरच्या पातळीचे नेमबाज तिथे जातात. नागपूरचा, चंद्रपूरचा, अमरावतीचा नववीतला मुलगा कुठे जाणार? त्याचा बाप मिळेल तो डब्बा आणतो, या महिन्यात एक लॉट, पुढच्या महिन्यात दुसरा, पोरगा पाच गोळ्या मारून सांगतो "हा डब्बा बेकार आहे", दुसरा पोरगा त्याच लॉटच्या तीन मारून सांगतो "मस्त आहे", आणि पोट्ट्यांच्या मोबाइल ग्रुपवर जाहीर होतं. मग सगळे त्या "मस्त" वाल्याच्या मागे धावतात, महाग पडलं तरी. हे पाहून मला खरंच वाईट वाटतं कारण हे टाळता येण्यासारखं आहे.

माझं म्हणणं असं आहे की नागपुरातल्या क्लबांनी मिळून लॉट टेस्टिंग सुरू करावं, कायद्यात राहून, क्लबच्या परवान्यावर, क्लबच्या रेंजवर, क्लबच्या अधिकाऱ्यासमोर. लागतं काय? एक पक्कं क्लॅम्प, जे ५० मीटरच्या लेनवर जमिनीत बोल्ट करून बसेल. वेग मोजायचं यंत्र एक. तापमान बघायला साधं थर्मामीटर. आणि एक रजिस्टर. क्लब काडतूस मागवतो तेव्हा आधी दोन-तीन लॉटचे थोडे थोडे डब्बे मागवावेत, टेस्ट करावी, मग त्यातल्या चांगल्या लॉटची मोठी ऑर्डर द्यावी, ती पुरवठादाराला आधी सांगून राखून ठेवायला लावावी. एका नळीला एका लॉटच्या चाळीस गोळ्या तरी, दहाचे चार ग्रुप. आणि लॉट एकापाठोपाठ एक संपवायचे नाहीत, आलटून पालटून मारायचे, नाहीतर सकाळी शांत हवेत मारलेला लॉट नेहमी जिंकेल आणि अकरा वाजता वारा सुटल्यावर मारलेला हरेल. मोजताना सगळ्यात लांबची दोन भोकं धरू नका, एका गोळीने सगळा निकाल फिरतो, सगळ्या भोकांचा मध्य काढा आणि प्रत्येक भोक मध्यापासून किती लांब आहे त्याची सरासरी घ्या, मोबाइलवर फोटो काढून हे करता येतं. जो ट्रिगर ओढतो त्याला कुठला लॉट आहे ते सांगायचं नाही, डब्ब्यातून काढून अ, ब, क लिहिलेल्या ट्रेमध्ये द्यायचं. महागड्या नावाचं काडतूस हातात आलं की माणूस नकळत जास्त सांभाळून मारतो, क्लॅम्प असला तरी गोळी चेंबरमध्ये घालण्यापासून सगळं.

कोणी म्हणेल चाळीस गोळ्या फार झाल्या, काडतुसांचा कोटा मर्यादित, पैसे मर्यादित. बरोबर आहे, पण आजही पोरं पाच-पाच करत तेवढ्याच गोळ्या उडवतात, फक्त लिहून ठेवत नाहीत म्हणून त्या वाया जातात. एका क्लबच्या रजिस्टरमध्ये वर्षभराच्या नोंदी आल्या की पुढच्या मुलाला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. आणि निकाल असा येऊ शकतो की तीन लॉटमध्ये सांगण्याजोगा फरकच नाही, तर तोही निकालच आहे, मग स्वस्त पडेल तो घ्या आणि सरावाला लागा. असा निकाल लिहायला लाजू नये.

ज्या शहरात यंत्र इंडिया या सरकारी संरक्षण कंपनीचं मुख्यालय अंबाझरीला आहे, जवळ भंडाऱ्याला पावडर बनते, तिकडे वरणगावला आणि खडकीला लहान शस्त्रांची काडतुसं बनतात आणि तिथून रिटायर झालेली कितीतरी माणसं इथे वाडी, दत्तवाडी, हिंगणा रोडवर राहतात, त्या शहरात हे शिकवायला माणूस मिळणार नाही असं होऊच शकत नाही. व्हीएनआयटीच्या मेकॅनिकलच्या मुलांना क्लॅम्प बनवायचा प्रोजेक्ट दिला तर ते आनंदाने करतील, आणि संख्याशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाने रजिस्टर कसं ठेवायचं ते एका संध्याकाळी येऊन समजावलं तरी पुरे. १९५१ ला राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली तेव्हा तिच्यामागे ग. वा. मावळंकर होते, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, आजही त्यांच्या नावाच्या स्पर्धेतून आपली मुलं नॅशनलला जातात. हा खेळ आपल्या लोकांनी उभा केलेला आहे राजेहो, तो अंदाजपंचे चालू नये एवढीच इच्छा.

तुम्हाला विनंती दोन. पहिली, त्या फोटोखाली दुरुस्ती छापा की तो तीन गोळ्यांचा एक ग्रुप आहे आणि त्यावरून काडतुसाची अचूकता ठरत नाही, आणि पुंगळीवर चिन्ह नाही म्हणजे सुरक्षित हे वाक्य मागे घ्या, सोबत कायद्याची एक ओळ द्या. दुसरी, पुढच्या वेळी कोणीही अचूकतेचा दावा पाठवला, हाताने भरलेल्या काडतुसाचा असो नाहीतर बाजारातल्या, तर छापण्याआधी त्याला विचारा की एकूण किती गोळ्या मारल्या, त्यातल्या किती मोजल्या आणि तापमान किती होतं.

जे क्लब लॉट टेस्टिंग करायला तयार असतील त्यांनी तुमच्या कार्यालयात कळवावं, माझा पत्ता तुमच्याकडे दिलेला आहे. क्लॅम्पचं ड्रॉइंग आणि रजिस्टरचा नमुना मी तयार करून ठेवला आहे, पावसाळ्यानंतर हवा स्थिर झाली की सुरुवात करता येईल, तोपर्यंत क्लबांनी आपल्याकडे सध्या पडून असलेल्या डब्यांचे लॉट नंबर तरी एका वहीत उतरवून घ्यावेत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दारूगोळा तपासनीस
वाडी, नागपूर